आजोबांची अकरा वाक्यं

सकाळी साडेदहाला मी दारं लावून घेतली. आधी पश्चिमेची खिडकी, मग स्वयंपाकघरातली, शेवटी पुढचं दार. जुनी चादर बादलीत बुचकळून, अर्धवट पिळून खिडकीच्या गजांवर टाकली. सोलापुरात एप्रिल लागला की हे रोजचंच. ऊन आत येऊ नये म्हणून आपणच स्वतःला कोंडून घ्यायचं आणि साडेपाच वाजेपर्यंत बाहेरचं जग नुसतं ऐकायचं. मागच्या गल्लीतली यंत्रमागांची खटखट, भंगारवाल्याची हाक, टँकरपाशी चाललेली भांडणं. ओल्या चादरीतून येणाऱ्या झुळकेला सुताचा वास असतो, आणि कितीही धुतली तरी थोडा रंगाचाही. दर उन्हाळ्यात हा वास पहिल्यांदा आला की मी हातातलं काम ठेवून जरा बसते.

इरा, परवा तुझा निरोप आला. बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तू एक छोटं पुस्तक करते आहेस. त्यात आजोबांची ती अकरा इंग्रजी वाक्यं छापणार आहेस, पहिल्या पानावर एकटं चौथं वाक्य आणि त्याखाली आजोबांचं नाव. 'चालेल ना, आजी?' असं तू विचारलंस. तुझ्या भावाने, ओजसने, खाली अंगठ्याचं चित्र टाकलं. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मी कुणाचं पत्र असं पाडून ठेवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तू पुन्हा विचारलंस, 'आजी, बरी आहेस ना?'

बरी आहे. पण उत्तर लांब आहे, आणि ते मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं, तर सावकाश वाचा. घाई नाही, वाढदिवसाला अजून तीन आठवडे आहेत.

चौथ्या वाक्याचा अर्थ असा: श्रीकांतवर माझा मुळीच राग नाही, त्याने आधी आपलं काम सांभाळावं. तुमचे बाबा दर वर्षी आजोबांच्या तिथीला ते वाक्य मोठ्याने वाचतात. वीस वर्षं ते त्याच्या उशाशी आहे म्हटलं तरी चालेल. आता ते छापलं गेलं की कायमचं आजोबांचं होईल. ते होऊ द्यायचं की नाही, एवढंच मला ठरवायचं आहे, आणि त्यासाठी मला त्या उन्हाळ्यात पुन्हा जाऊन बसायला हवं.

तुम्ही आजोबांना पाहिलं नाहीत. ते जिल्हा न्यायालयात दिवाणी वकील होते. जमिनीच्या वाटण्या, बांधावरची झाडं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, असले दावे. माणूस साडेपाच फुटांचा, आवाज सात फुटांचा. रिक्षा कोपऱ्यावर असतानाच त्यांचा आवाज घरात पोचायचा आणि मी चहाचं आधण ठेवायची. त्या वर्षी थंडीत आवाज बसला. आधी दोष हुरड्याला दिला, मग कोर्टातल्या पंख्याला. मग पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या, गाठ निघाली आणि डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या तळाशी, जिथे लॉकेट टेकतं तिथे, रुपयाएवढं एक भोक राहिलं. श्वास तिथून. तिथे सतत मलमलीचं ओलं फडकं बांधायचं, ते वाळलं की बदलायचं.

नाकातून वारा जाईना, त्यामुळे वासही गेला. शेंगांची चटणी कुटताना घर कसं दरवळून जायचं. ते समोर बसून नुसते खलबत्त्याकडे बघायचे. पहिला आंबा आला तेव्हा सवयीने देठाकडून नाकाला लावला, जरा वेळ तसाच धरला आणि परातीत परत ठेवला. मी म्हटलं, 'गोड असेल हो.' म्हणून काय उपयोग होता?

डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ आणि गरम वारा टाळा. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे सांगणं म्हणजे घराबाहेर पडू नका असंच सांगणं. ते आत, म्हणून मीही आत. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर काय काय करायचं याची क्रमांक घालून यादी केली होती. पहिलं कलम, श्रीकांतकडे कॅनडाला जाऊन तीन महिने राहणं. ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. कपाट उघडलं की दिसायची, म्हणून मी रोजच्या साड्या बाहेर दोरीवर ठेवायला लागले.

पाणी चौथ्या दिवशी यायचं, तेही वेळ न सांगता, म्हणून त्या दिवशी घर सोडता येत नसे. बाकीचे तीन दिवस आजोबांमुळे. त्यांना मला हाक मारता येत नव्हती. ते चमच्याने स्टीलच्या पेल्यावर वाजवायचे, टण टण. मी मोरीत असो की देवासमोर, टण टण. पुढे पुढे वाजलेलं नसतानाही मला ऐकू यायला लागलं. मी पदराला हात पुसत दारात उभी राहायची, ते मान हलवायचे, नाही म्हणून. मग आम्ही एकमेकांकडे बघायचो. जाऊन पुन्हा भांडी घासायला बसावं तर वाटायचं, आता खरंच वाजेल.

आधी मी त्यांना पाटी दिली. खडूची भुकटी गळ्यात गेली आणि असा ठसका लागला की दोघांनाही घाम फुटला. मग वही दिली. पण वकिलाचं अक्षर! लग्नाला पस्तीस वर्षं होऊन मला नवऱ्याचं अक्षर लागत नव्हतं. ते लागायचं एकट्या गुरप्पाला. गुरप्पा त्यांचा कारकून, मैंदर्गीचा. आठवड्यातून एकदा सकाळच्या एसटीने यायचा, कडक भाकरीची चवड घेऊन.

'सायेब, तुमी लिवा की. मी हाय वाचायला.'

आजोबांनी भराभर दोन ओळी लिहिल्या. गुरप्पा वाचून खांदे हलेपर्यंत हसला.

'काय लिहिलंय?' मी विचारलं.

'न्हाय बाई, त्ये सांगण्याजोगं न्हाय.'

'माझ्याबद्दल आहे का?'

'व्हय की,' म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. आजोबाही हसत होते, आवाजाशिवाय, फडकं हलत होतं. मला हसू आलं नाही. गुरप्पा गेल्यावर मी उठून श्रीकांतने पाठवलेली डिजिटल डायरी शोधून काढली.

ती आली होती दोन वर्षांपूर्वी, कोर्टाच्या तारखा टिपायला म्हणून. 'तारखा लक्षात ठेवायला गुरप्पा आहे,' असं म्हणून आजोबांनी खोक्यासकट ती खणात टाकली होती. तळहाताएवढी, करड्या रंगाची, हिरवट काच आणि बाजूला खोचलेली बिनशाईची काडी. काचेच्या खालच्या चौकोनात काडीने अक्षर काढलं की वर छापील उमटायचं. पण अक्षरं इंग्रजी, आणि तीही त्या यंत्राच्या तऱ्हेने काढायची. ए काढताना मधली आडवी रेघ द्यायची नाही, नुसतं छप्पर काढायचं. एफला एकच दांडी. मी आधी स्वतः शिकले, मग त्यांना शिकवायला बसले. दुपारचे बारा, दारं बंद, कूलरच्या वाळ्याचा ओला वास आणि साठीपलीकडचा वकील पहिलीतल्या पोरासारखा छप्पर काढतोय. तीन दिवसांनी त्यांनी पहिलं पूर्ण वाक्य लिहिलं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. 'मास्तरीणबाई, छडी कुठाय?'

आणि मग त्यांना थांबवणं कठीण झालं. दोन महिन्यांचं साठलेलं होतं. 'भात गिच्च.' 'ती उशी नव्हे, दुसरी, ती नालायक आहे.' 'पंखा अशिलासारखा बोलतो, मुद्द्यावर येत नाही.' 'तुझी बहीण आली की मी झोपलोय असं सांग.' हे सगळं त्या डायरीत एकाखाली एक साठत जाई. मला ते जपावंसं वाटलं. आवाज जपला नव्हता. तेव्हा कुणाच्या मनात येतं? पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ते बसक्या आवाजात दूधवाल्याशी पंधरा मिनिटं भांडले होते, तेच शेवटचं मोठं बोलणं. तेव्हा हे तरी राहावं. रोज दुपारी मी त्यांच्या वाक्यांना तारीख घालायला लागले. पुढे विषयवार लावली. अन्न, औषध, घर, इतर. त्यांनी एकदा यादी बघितली आणि लिहिलं, 'मी इतरमध्ये किती?'

दुसऱ्यांदा चिडले. 'मी बोललो की तू फाइल उघडतेस. उत्तर दे की बाई.' ते वाक्य मी 'घर'मध्ये ठेवलं.

गुरप्पाला हे कळलं तेव्हा त्याने साहेबांचीच बाजू घेतली. 'बाई, कोर्टात वकील दोन दोन तास बोलतंय. त्ये कुणी लिवून घेतंय व्हय? निकाल तेवढा लिवत्यात. बोलणं वाऱ्यावर जातंय, त्येच बरं हाय.'

'तुमचं कोर्ट तुमच्यापाशी,' मी म्हटलं.

पण एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. डायरीत करंगळीएवढे दोन सेल होते. ते पार संपले, किंवा बदलताना मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला, की आत लिहिलेलं सगळं पुसलं जाणार, असं पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं. एरवी ते सेल महिनाभर टिकायचे. आजोबांना दहा दिवस पुरायचे नाहीत. काचेवर रिकाम्या सेलचं चित्र आलं की मी घड्याळ समोर ठेवून सेल बदलायची. यावर उपाय एकच. खोक्यात एक स्टँड होता, त्याला वायर, वायरीच्या टोकाला नऊ पिनांची चपटी खुंटी. डायरी स्टँडवर ठेवायची, खुंटी कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायची, स्टँडवरचं बटण दाबायचं. डायरीतलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरतं. तिथे सेल संपायची भीती नाही.

कॉम्प्युटर होता, श्रीकांतला पत्रं पाठवायला घेतलेला. पण त्याच्या पाठीवर तसलं भोक एकच, आणि त्यात इंटरनेटच्या मोडेमची वायर. मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं. शकिला पलीकडच्या गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. भर दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळून गाडीवरून आली, दोन तांबे पाणी प्यायली आणि टेबलाखाली शिरली.

'पोर्ट एकच हाय, मॅडम. मोडेम काढलं तर डायरी चालंल, डायरी काढली तर मोडेम. दोन्ही एकदम होणार न्हाय.'

'म्हणजे एका वेळी एकाशीच बोलायचं.'

'हौ मॅडम. नवऱ्याशी न्हाय तर पोराशी,' टेबलाखालून हसत म्हणाली. पेल्यावर टण टण झालं. आजोबांनी डायरी वर धरली होती. 'पोराशी बोल. नवरा आहेच.'

शकिला वाचून म्हणाली, 'वकीलसाहेब, तुमच्यापेक्षा तुमचं मशीन जास्त बोलतंय बगा.' मग माझ्याकडे वळून, 'मॅडम, तुमी मला सातवीत पक्की वही तीनदा लिवायला लावली होती, आठवतंय का? आईने कंदील विझवून टाकला होता.'

मला आठवत होतं. माझा तो नियमच होता. कच्च्या वहीत मुलींनी काहीही करावं, खोडावं, चुकावं. पक्की वही ती खरी. दोन्हींत फरक निघाला तर पक्कीतलं धरायचं. कच्ची वही वर्षाअखेरीस रद्दीत.

शकिलाने खोक्यातली सीडी घालून डायरीचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर चढवला, आणि तेवढ्यात मागच्या गल्लीतले माग थांबले. माग आधी थांबतात, मग आपल्या लक्षात येतं की पंखाही फिरत नाहीये. वीज गेली की सगळ्या पेठेवर एकदम अशी शांतता पडायची की आपल्याच घरात आपण कुजबुजत बोलायला लागायचो. 'आता चार तास न्हाय येत,' शकिला म्हणाली. 'परवा येते. मी आल्याबिगर बटण दाबू नका, मॅडम. पहिल्यांदा ते कायकाय विचारतंय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती. आजोबा अंग पुसून घेऊन पडले होते. मी कॉम्प्युटर लावला, डायरी शेजारी ठेवली आणि नुसतं बसवेना म्हणून त्यांची निवडक वाक्यं हाताने कॉम्प्युटरवरच्या त्या डायरीच्या प्रोग्राममध्ये उतरवायला लागले. पण ती इंग्रजी अक्षरांतली मराठी मला बघवत नव्हती. ना इकडची ना तिकडची. म्हणून मी ती नीट इंग्रजीत लिहिली. 'भात गिच्च' याचं, आज भात किंचित जास्त शिजला आहे, असं काहीसं झालं. स्वल्पविराम घातले. अकरा झाली. तीच ती अकरा, इरा. तुला त्यातली भाषा किती सुंदर वाटते हे तू मला दोनदा सांगितलं आहेस. सुंदर आहेच.

चौथ्यापाशी मी वीस मिनिटं बसले होते. त्याआधीच्या आठवड्यात श्रीकांतचं पत्र आलं होतं. जूनमध्ये दहा दिवस येऊ, की डिसेंबरमध्ये महिनाभर? नोकरी नवी होती, रजा मिळणं अवघड होतं. बाबा रागावलेत का, असंही त्याने विचारलं होतं. मी आजोबांना विचारलं आणि त्यांनी डायरीत लिहून दिलं. ते वाक्य कच्चं होतं, फार कच्चं. मला वाटलं, इतक्या लांब असलेल्या पोराच्या पदरात हे कशाला टाकायचं? मी ते नीट केलं. त्यांना मनातून हेच म्हणायचं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. मुलींच्या वह्या तपासताना मी हेच करत आले होते.

अकरावं वाक्य संपलं आणि डायरीवर सेलचं रिकामं चित्र आलं. शकिला येईपर्यंत, उद्यापर्यंत कोण थांबतंय? मोडेम काढला, खुंटी खोचली, डायरी स्टँडवर ठेवली, बटण दाबलं. तीन बारीक सूर वाजले. पडद्यावर प्रश्न आला. दोन्हीकडचं वेगवेगळं दिसतं आहे, काय करू? तीन उत्तरं होती. दोन्ही एकत्र करा. कॉम्प्युटरमधलं खरं धरा. हातातल्या डायरीतलं खरं धरा.

इंग्रजी मला अडलं नाही. मी तिन्ही उत्तरं दोनदा वाचली. एकत्र केलं तर कच्चं आणि पक्कं शेजारी शेजारी बसलं असतं, एकाच भाताची दोन वाक्यं, ते मला नको होतं. फरक फक्त त्या अकरांतच आहे, बाकीची वाक्यं आपोआप येतील, असं मी धरून चालले. पक्की वही ती खरी. मी दुसरं उत्तर निवडलं.

पट्टी भरत गेली. मला वाटलं, उतरतंय. खरं तर ते पुसलं जात होतं. सूर पुन्हा वाजले. डायरी उचलून बघितली तर तिच्यात अकरा वाक्यं. कॉम्प्युटरमध्ये अकरा. ती तीनशेच्या वर वाक्यं, तारखांची, विषयवार लावलेली, कुठेच नव्हती.

ओरडावंसं वाटलं, पण पलीकडे ते झोपले होते, आणि ज्या घरात एकाला आवाजच नाही तिथे दुसऱ्याने ओरडायचं म्हणजे काय. दार उघडून गच्चीवर जावं तर बाहेर आगीची भट्टी. शेवटी मी काय केलं ते सांगते. डायरीची खुंटी काढली, मोडेमची वायर परत लावली आणि ती अकरा वाक्यं श्रीकांतला पाठवली. वर लिहिलं, बाबांचे शब्द.

दुपारी पेल्यावर टण टण झालं. मी गेले. आजोबांनी काहीतरी लिहायला डायरी उघडली होती आणि ते वाचत होते. एकेक वाक्य, चष्मा कपाळावर सरकवून. मग काडी घेतली. 'हा गोरा साहेब कोण? आपल्या घरी कधी उतरला?'

मी त्यांना खरं ते सांगितलं. सगळं गेलं, माझ्या हातून गेलं. ते रागावतील म्हणून मी उभीच होते. ते फडक्याखालून फसफसून हसले, मग खोकले, मग मीच त्यांची पाठ चोळली. 'बरं झालं,' त्यांनी लिहिलं. 'मुद्देमाल नष्ट.'

मग पुन्हा यादी वर-खाली केली आणि चौथ्यावर थांबले. काडी त्या ओळीवर टेकली. 'हे मी म्हणालो?'

'तुम्हाला तसंच म्हणायचं होतं ना?'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोर्टात साक्षीदाराकडे कसे बघत असतील ते मला त्या दिवशी कळलं. मग लिहिलं, 'नाही.' मी वाचलं एवढी खात्री केली आणि तो शब्द पुसून टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी नियम घातला. लिहायचं, मला दाखवायचं, पुसायचं. काडी खोडायच्या खुणेवर धरून ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी मान वर केली नाही तर वाक्य तसंच थांबायचं, आणि मी वाचून उत्तर दिलं की जायचं. मला आता हातात विणकाम घेऊन त्यांच्याजवळ बसता येईना, भाजी निवडता येईना. खुर्ची ओढून नुसतं समोर बसायचं. ओली चादर, कूलर, खटखट, आणि येणारं आणि जाणारं एकेक वाक्य. पस्तीस वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. आणि त्यातलं मला जवळजवळ काही आठवत नाही. वर जी दिली ती दहा-बारा सुरुवातीची, तीही अंदाजाने. पुढची नुसती त्यांच्या चेहऱ्यासकट येतात, शब्द येत नाहीत. आणि ज्यांचे शब्द येतात त्यांतली काही आता इंग्रजीत येतात. माझ्या डोक्यातही कुणीतरी ते दुसरं उत्तर निवडून ठेवलं आहे.

श्रीकांतचं उत्तर आठ दिवसांनी आलं. तो रडला म्हणे. बाबा रागावलेले नाहीत हे वाचून छातीवरचं ओझं उतरलं, आता जूनची धावपळ करत नाही, डिसेंबरात सावकाश महिनाभर येतो. मी ते आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीकडे कूस बदलली.

मी दुसरं पत्र लिहू शकत होते. बाळा, मी चुकीचं लिहिलं, असा असा शब्द होता, जूनमध्येच ये. त्यासाठी फक्त कॉम्प्युटर लावायला हवा होता. रोज दुपारी मी त्या टेबलासमोरून जायची. वीज नाही, पाणी आलंय, त्यांचं फडकं बदलायचंय, अशी कारणं मला रोज मिळत गेली. कारणं खरीच होती. मग पाऊस सुरू झाला. श्रावण संपता संपता एका दुपारी जेवून पडले आणि झोपेतच श्वास थांबला. श्रीकांत तिसऱ्या दिवशी पोचला. त्याच्या शर्टाच्या खिशात त्या अकरा वाक्यांचा छापलेला कागद होता, घड्या पडून मऊ झालेला. त्याने तो मला दाखवला आणि म्हणाला, 'आई, हे तू पाठवलं नसतंस तर मी वेडा झालो असतो.' मग मी काय बोलणार? मी गप्प बसले ती आजपर्यंत.

तेव्हा इरा, तुझं उत्तर. ती अकरा वाक्यं हवी तर छाप, पण खाली आजोबांचं नाव घालू नकोस. माझं घाल. ती मी लिहिली आहेत. आणि पहिल्या पानावर चौथं नको. त्यांचं एकच वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे, कारण ते मोडायला मला वीस मिनिटं लागली होती. ते देवनागरीत घाल, आजोबांच्या नावाने:

'श्रीवर राग आहे. फार आहे. आला की तोंडावर बोलीन. लवकर ये म्हणाव.'

पण बाबांना हे पुस्तकातून कळू नये. केक कापताना तर नकोच. तुमची सकाळ झाली की मी आजच त्याला फोन करते, तू काही सांगायच्या आधी. पन्नास वर्षांचा झाला तरी तो रडेल, आणि रडून झालं की माझ्यावर रागावेल, कदाचित महिनाभर फोन करणार नाही. त्याने काय म्हणायचं ते त्याने म्हणू दे. या खेपेला मी त्यातलं काही नीट करणार नाही.